पिंपाला कान लावून

अठ्ठावीस वर्षं मी गोण्या मोजल्या,
पांढऱ्या दाण्यांच्या, पन्नास किलोच्या.
शिलाई तपासली, शिक्का मारला, ट्रक सोडला.
खत म्हणजे काय, असं कुणी विचारलं असतं
तर मी पावती दाखवली असती.

आता बोरीत, विहिरीच्या पाठीमागे,
माझं एक निळं पिंप आहे
आणि त्याच्या झाकणावर एक चिरा.

आत गिरिपुष्पाचा पाला, कुंपणावरून ओढून काढलेला,
शेवग्याच्या कोवळ्या डहाळ्या,
गवती चहा, इतका माजलेला की पायवाट दिसेना,
वाळत चाललेली तुळस
(मंजिऱ्या तेवढ्या टाकवल्या नाहीत, कागदात बांधून ठेवल्यात),
मूठभर माडाचा गूळ,
आणि पानओवा.
पानओव्याचं नंतर सांगतो.

पहिले तीन दिवस वास असा, की पाहुणे यावेत.
चौथ्या दिवसापासून असा, की आलेले उठून जावेत.
आठव्या दिवशी वाड्यावरच्या कुत्र्याने रस्ता बदलला,
आणि मी पोफळीच्या दांड्याने ढवळत
वहीत लिहीत होतो:
फेस, हिरवट. पाने, अर्धवट. तापमान,
पुढे रिकामी जागा.
सवय. गोणी असो, पिंप असो, रकाना हवा.

तेव्हा गडग्यापलीकडून आपोलिन आली,
नाक न धरता.
तिच्या माहेरी तीन पिढ्यांची काजूची भट्टी.
"वही ठेव," म्हणाली. "कान लाव."

लावला.
आत काहीतरी चाललं होतं, बारीक, न थांबता,
अंगणात कुणी एकटंच तांदूळ निवडत बसावं तसं.

"उलयता मरे अजून.
बोलायचं थांबेल तेव्हा काढ.
काजूच्या रसाचंही तसंच,
एक दिवस आधी काढलास तर कच्चा,
दोन दिवस राहिला तर कुणाच्याच कामाचा नाही."

संध्याकाळी लिस्बनहून रत्नप्रभाचा फोन.
नातू दूध पितो, झोपत नाही, तिथे थंडी पडलीय.
मग: "माझा पानओवा कसा आहे?"
मी फोन मिरच्यांकडे वळवला.
"बघ, केवढ्या लागल्यात."
"पानओवा विचारला मी."
"पिंपाचा वास येतो का गं तिथपर्यंत?"
ती हसली नाही.

तिने तो लावला होता खोकल्यासाठी, भज्यांसाठी,
आल्यागेल्याच्या हातात एक फांदी द्यायला.
आणि मी तो एका रविवारी
जमिनीपासून चार बोटं ठेवून
सगळा कापला.
रागाने नव्हे.
घरात खोकणारं कुणी उरलं नव्हतं.

सतराव्या दिवशी पिंप गप्प झालं.
मी उजवा कान लावला, मग डावा.
डावा कारखान्याने थोडा खाल्लाय,
तरी त्यालाही विचारलं.
गाळलं तिच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून,
एकाला दहा पाणी, फिक्या चहाचा रंग येईतो,
आणि झारीने घातलं तांबड्या भाजीच्या वाफ्याला,
मिरच्यांना, आगशीच्या वांग्यांना,
पण सगळ्यांत आधी पानओव्याच्या खुंटांना.
त्याचंच पाणी त्याला.
तो काय समजला, कोण जाणे.

फोंड्याच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा
आठवडाभर रिकामी राहिली.
लिंबू चोळलं, राख चोळली,
बोटांच्या पेरांतून तो जाईना.

आज एका खुंटावर दोन पानं दिसली,
लवदार, तिळाएवढी.
फोटो काढला. त्यात माझा अंगठाच मोठा आलाय.
आपोलिन गडग्यावरून म्हणाली, "पाठव की तिला."
मी म्हटलं, थांब,
एक दिवस आधी काढला तर कच्चा.